चेहऱ्याचं अस्तर

१९०१ साली बर्लिनमध्ये ऑयगेन होलेंडर या सर्जनकडे एक पोलिश सरदारघराण्यातली बाई आली. येताना तिने एक रेखाटन आणलं होतं. कानाजवळच्या कातडीचा एवढा एवढा तुकडा काढून टाका, उरलेल्या कडा जुळवून शिवा, म्हणजे नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरलेली घडी वर ओढली जाईल, असा तिचा बेत. त्या बाईच्या आग्रहापुढे आपण नमलो, असं होलेंडरने पुढे लिहिलं. फेसलिफ्टची ही पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया. आराखडा रुग्णाचा, सुरी डॉक्टरची. तिचं नाव मात्र या इतिहासात कुठे येत नाही. ते तिला येऊ द्यायचं नव्हतंच.

या हकिकतीत नजर अडते ती तारखांवर. शस्त्रक्रिया झाली १९०१मध्ये. होलेंडरने तिचा छापील उल्लेख केला १९१२मध्ये आणि सगळी कहाणी मोकळेपणाने सांगितली ती थेट १९३२मध्ये. एरिख लेक्सर हा जर्मनीतला त्याहून मोठा सर्जन. त्याने १९०६मध्ये एका नटीचा चेहरा उचलला. ही बाई रोज रात्री गालाची कातडी चिकटपट्ट्यांनी वर ताणायची आणि पट्ट्या डोक्यावरून रबराने बांधून झोपायची. वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीने कातडी आणखीच सैल झाली, आणि ती जादा कातडी लेक्सरने कापून काढली. त्याने हे लिहिलं १९३१मध्ये. बर्लिनच्याच जाक योझेफने १९१२मध्ये अठ्ठेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीवर अशी शस्त्रक्रिया केली आणि १९२१मध्ये प्रसिद्ध केली. अकरा वर्षं, पंचवीस वर्षं, नऊ वर्षं. त्या काळात सर्जन मंडळी एखादी नवी गाठ काढली तरी सहा महिन्यांत वैद्यकसभेत उभी राहून सांगत. मग याच शस्त्रक्रियेबाबत तोंडाला कुलूप का? माझं म्हणणं असं की हे कुलूपच या विद्येला नडलं. चेहरा म्हातारा होतो तो कातडीखाली. हे ध्यानात येऊन कातडीखालच्या पदराला हात घालायला १९७४-७६ साल उजाडावं लागलं. तो पदर असतो कातडीपासून काही मिलिमीटर खाली. तेवढं अंतर कापायला पाऊण शतक लागलं, ते मुख्यतः संकोचामुळे. डॉक्टर संकोचले, रुग्ण संकोचले, आणि चारचौघांत सांगून सुधारायच्या चुका ज्याच्या त्याच्या दवाखान्यात पडून राहिल्या.

तुलनेला पुण्याची एक हकिकत घेतो, मिरवायला म्हणून नव्हे, तिच्यातल्या तारखा उलट साक्ष देतात म्हणून. कावसजी हा इंग्रजांच्या फौजेतला बैल हाकणारा. टिपूविरुद्धच्या १७९२च्या लढाईत तो पकडला गेला आणि टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने, म्हणजे आपल्या बोलीत कुंभाराने, त्याला नवं नाक बसवलं. मेणाची पातळ चकती नाकाच्या थोटकावर बसवून तिला हवा तसा आकार द्यायचा, मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची, तिच्या कडेने रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन डोळ्यांमधली एक चिंचोळी पट्टी तेवढी जोडलेली ठेवायची, कारण रक्त तिथूनच येणार. मग ती कातडी पीळ देऊन खाली आणायची आणि नाकाच्या जागी बसवायची. सांधा धरून ठेवायला टाके नाहीत. पाण्यात कालवलेला कात फडक्याच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. होय, पानात खातात तोच कात. चार दिवस दुसरं औषध नाही. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं. सवाई माधवराव पेशव्यांचं चित्र काढणारा वेल्स तो हाच. आणि ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सचित्र पत्र छापून आलं. कृती घडल्यापासून ती छापून यायला वर्ष-दीड वर्ष. त्या मजकुराच्या आधारे जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने १८१४मध्ये तेच नाक तिथे करून दाखवलं आणि १८१६मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे युरोपभर ही पद्धत ‘भारतीय पद्धत’ म्हणूनच ओळखली गेली.

कुणी म्हणेल, त्या कुंभाराची विद्या तरी कुठे खुली होती? ती बापाकडून मुलाकडे जाणारी घरातली विद्या. खरं आहे. पत्रात त्या कुंभाराचं नावसुद्धा नाही. पण त्याने दोन परक्या डॉक्टरांना शेजारी उभं राहू दिलं आणि त्यांनी पाहिलेलं लिहून छापलं, एवढ्याने काम झालं. शिवाय नाक कापलेल्या माणसाला लपवण्यासारखं काही नव्हतं. त्याच्यावर अन्याय झाला होता आणि लोकांची कणव त्याच्या बाजूने होती. म्हातारपण हा मात्र कुणी केलेला अन्याय नव्हे. धडधाकट माणसाला कापायचं, तेही आरशासाठी, हे वैद्यकाच्या नीतीत बसेना. हा नुसता मनाचा खेळ नव्हता. त्याची किंमत रोख मोजावी लागे. जाक योझेफ तरुणपणी बर्लिनच्या एका नामांकित अस्थिरोग विभागात सहायक होता. कान फार पुढे आल्यामुळे चिडवाचिडवीला कंटाळून शाळेत जाईना अशा एका मुलाचे कान त्याने १८९६मध्ये मागे बसवले. शस्त्रक्रिया छान झाली. योझेफने ती बर्लिनच्या वैद्यकसभेत मांडली, आणि त्याची नोकरी गेली. तेव्हा त्याच माणसाने फेसलिफ्ट करून नऊ वर्षं ती छापली नाही, यात नवल ते काय?

पण गप्प बसण्याचा एक विचित्र गुण असतो. यशाबाबत ते कधी ना कधी मोडलं जातं, अपयशाबाबत मात्र कटाक्षाने पाळलं जातं. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनीने १८९९मध्ये एका रुग्णाच्या शरीरात व्हॅसलीन टोचून पोकळी भरून काढली आणि ते प्रसिद्ध केलं. लगोलग व्हॅसलीनची जागा पॅराफिनने, म्हणजे मेणाने, घेतली आणि नाकाचा खळगा, गालाची खोबण, कपाळाच्या आठ्या असं सगळं मेणाने भरण्याची लाट युरोप-अमेरिकेत पसरली. मेण शरीराला पचत नाही. ते सरकतं, त्याभोवती कठीण गाठी होतात, वरची कातडी लाल होऊन फुटते. हे काही दिवसांत दिसत नाही, वर्षांनी दिसतं, आणि तोवर रुग्ण दुसऱ्या गावी आणि डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे. ग्लॅडिस डीकन ही आपल्या काळातली गाजलेली सुंदरी, पुढे मार्लबरोची डचेस झालेली. ग्रीक पुतळ्यासारखं सरळ नाक हवं म्हणून तिने बाविसाव्या वर्षी नाकाच्या पुलावर मेण टोचून घेतलं. ते हळूहळू घसरत हनुवटीपर्यंत आलं. ती ९६ वर्षं जगली, १९७७पर्यंत, आणि उतारवयात लोकांच्या नजरेपासून दूर राहिली. तिचं नाव मोठं म्हणून हे कळलं. शेकडो बिननावाच्या बायकांच्या चेहऱ्यांवर तेच घडत होतं, आणि एकाचा अनुभव दुसऱ्याला सावध करायला पोचत नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर थोडं दार उघडलं. १९१९मध्ये पॅरिसच्या रेमों पासोने चेहऱ्याच्या सुरकुत्यांवर लेख लिहिला. केसांच्या कडेने, कानापुढे, कानामागे लांबट पानाच्या आकाराचे छोटे तुकडे काढून कडा शिवायच्या, ही त्याची रीत. अमेरिकेत पोर्टलंडच्या अॅडलबर्ट बेटमनने १९२०मध्ये कानपट्टीपासून कानाच्या पुढून खाली, पाळीला वळसा घालून मागे केसांपर्यंत असा सलग छेद सांगितला. तो छेद आजही थोड्याफार फरकाने तसाच घेतला जातो. म्हणजे बाहेरची वाट शंभर वर्षांपूर्वी सापडली होती. आत शिरल्यावर काय करायचं ते सापडलं नव्हतं. सगळे कातडीच ओढत होते. गादीतला कापूस खाली सरकलाय, मध्ये खळगा पडलाय आणि आपण अभ्रा घट्ट ताणून गादी नीट करायला बघतोय, असा तो प्रकार. अभ्रा ताणल्यावर सकाळपुरतं बरं दिसतं. कातडीचा तर धर्मच असा की ताणली की काही काळ राहते आणि मग पुन्हा सैलावते. ती फार ताणावी, तर भार टाक्यांवर येतो. व्रण रुंदावतो, कानाची पाळी खाली ओढली जाऊन गालाला चिकटल्यासारखी दिसते, ओठांचे कोपरे बाजूला खेचले जातात, आणि माणूस सोसाट्याच्या वाऱ्यासमोर उभा असल्यासारखा दिसू लागतो. लोक ज्याला हसतात तो ‘फेसलिफ्ट केलेला चेहरा’ म्हणजे ताणलेल्या अभ्र्याचा चेहरा.

आणि इथे गुपित नुसतं माहितीच्या आड आलं असं नाही, त्याने सुरीची खोलीच ठरवून टाकली. बाईला संध्याकाळी घरी पोचायचं होतं, नवऱ्याला नाही तर निदान शेजाऱ्यांना कळू द्यायचं नव्हतं. म्हणून दवाखान्यात मुक्काम नको, पूर्ण भूल नको, मोठी पट्टी नको. जागा बधिर करायची, चार छोटे तुकडे काढायचे, केसांत लपतील असे टाके घालायचे. एवढ्या अटी घातल्यावर कातडीखाली जाणार कोण? पासोची रीत चालली, कारण ती लपत होती.

या काळातली एक व्यक्ती मात्र माझ्या मांडणीला अपवाद आहे, आणि तिच्याकडे थोडं थांबून पाहायला हवं. सुझान नोएल ही फ्रेंच डॉक्टर, जन्म १८७८. तिने सांगितलेली सुरुवात अशी: १९१२च्या सुमारास एक प्रसिद्ध नटी अमेरिकेच्या दौऱ्यावरून परतली ती चेहऱ्यावर काहीतरी करून. कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग तरुण, खालचा चेहरा होता तसाच. ही नटी साठी उलटलेली सारा बर्नार होती असं मानलं जातं. नोएल आरशासमोर बसली, स्वतःच्या चेहऱ्याची कातडी चिमटीत धरून कुठे ओढली की काय हलतं ते बघत राहिली. मग युद्ध आलं आणि इपोलित मॉरेस्तां या गाढ्या सर्जनच्या हाताखाली छिन्नविच्छिन्न सैनिकांच्या चेहऱ्यांवर तिचा हात तयार झाला. युद्धानंतर ती पॅरिसमधल्या स्वतःच्या राहत्या घरी शस्त्रक्रिया करू लागली. कुठला तुकडा किती काढायचा ते ती मोजमाप घेऊन, साचे लावून ठरवी. १९२६मध्ये तिने पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच ‘सौंदर्यशल्य आणि त्याची सामाजिक कामगिरी’ असा अर्थ आहे. तिने आधीची आणि नंतरची छायाचित्रं छापली, कृती छापली, आणि मुख्य म्हणजे बायका येतात का ते छापलं. दुकानातली विक्रेती, शिवणकाम करणारी, नटी, शिक्षिका: पन्नाशीत चेहरा उतरला की मालक दुसरी आणतो. रोजी जाते. घरात कमावणारी तीच असेल तर मुलांची भाकरी जाते.

सुरकुत्या काढणं म्हणजे नुसती हौस, वैद्यकाने त्याकडे गंभीरपणे का बघावं, हा आक्षेप शंभर वर्षं घेतला जातोय आणि तो अगदीच पोकळ नाही. हातात वेळ आणि पैसा असलेल्यांचीच रांग मोठी होती आणि आहे. पण नोएलचं उत्तर मला पटतं. ती म्हातारपणाशी भांडत नव्हती. म्हातारं दिसण्याचा जो दंड समाज बायकांना करतो, त्याच्याशी तिचं भांडण होतं. तिने १९२४मध्ये पॅरिसला सोरॉप्टिमिस्ट या कामकरी बायकांच्या संघटनेचा क्लब काढला, फ्रान्समध्ये बायकांना मत नसताना मताच्या हक्कासाठी ती झगडली, आणि १९२८मध्ये तिला लीजन ऑफ ऑनर मिळालं. श्रीमंताकडून भरपूर घ्यायचं आणि गरिबाचं फुकट करायचं, असा तिचा हिशेब. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नोएलची सुरीसुद्धा कातडीतच राहिली. छोटे छेद, थोड्या थोड्या वर्षांनी पुन्हा पुन्हा. कारण तिच्या गिऱ्हाइकांनाही दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं, मालकाला कळू न देता. एकटी बाई मोकळेपणाने बोलली, पण तिच्याशी तितक्याच मोकळेपणाने बोलणारे समव्यवसायी कुठे होते?

आता एक उलटा पुरावा. १९३१मध्ये न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हानिया हॉटेलच्या नाचघरात ब्यूटी पार्लरवाल्यांचं अधिवेशन भरलं होतं, आणि तिथे जॉन हॉवर्ड क्रम नावाच्या डॉक्टरने भर सभेत फेसलिफ्ट करून दाखवली. वर्तमानपत्रांत ती गाजली. मग गुपित कुठे राहिलं? पण जाहिरात आणि मोकळेपणा यांत फरक आहे. नाचघरातल्या प्रेक्षकांना सुरी दिसली, सहा महिन्यांनंतरचा चेहरा दिसला नाही. ज्यांना त्यातलं कळलं असतं ते सर्जन तिथे नव्हते. या तमाशाचा परिणाम असा झाला की प्रतिष्ठित सर्जन आणखीच आत सरले. आपण क्रमसारखे नाही हे दाखवायचं, तर या विषयावर तोंडच न उघडणं सोयीचं. १९३७मध्ये अमेरिकेत प्लास्टिक सर्जरीचं अधिकृत मंडळ स्थापन झालं, पण त्या पिढीतले नामवंत भाजलेल्यांवर आणि फाटलेल्या ओठांवर लिहीत, फेसलिफ्ट बंद दाराआड करीत. विसाच्या दशकात लेखांची जी सर आली होती ती थांबली, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं या शस्त्रक्रियेवरचं लिखाण जवळजवळ आटलं.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. संकोच वगैरे सोडा, पेनिसिलीन नव्हतं, भूल बेभरवशाची होती, खोल कापणं म्हणजे जीव धोक्यात घालणं, असं म्हणता येईल. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. पण लंडनजवळच्या सिडकपला १९१७पासून हॅरल्ड गिलीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच हजारांहून अधिक सैनिकांच्या चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. जबडे नसलेले, गाल उडालेले चेहरे. तिथेच रोबोथम आणि मॅगिल या दोघांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची रीत बसवली. म्हणजे ज्या दशकात पासो केसांच्या कडेने पानं कापत होता, त्याच दशकात खाडीपलीकडे चेहरा खोलवर उघडून बंद करण्याचं ज्ञान होतं. आणि पेनिसिलीन तर १९४५च्या आसपास सर्रास मिळू लागलं. तिथून १९७४पर्यंतच्या तीस वर्षांचं काय? एक भीती खरी होती, ती चेहऱ्याच्या मज्जातंतूची. हा तंतू कानाखालून कवटीबाहेर येतो, लाळग्रंथीतून जाताना फांद्या फुटतात आणि त्या दोऱ्यासारख्या फांद्या गालभर पसरतात. एक तुटली तरी तोंड वाकडं होतं किंवा डोळा मिटत नाही. सुरकुत्या काढायला आलेल्या बाईचं तोंड वाकडं करून पाठवण्यापेक्षा वरवर ओढलेलं बरं, हा विचार समजू शकतो. पण भीती घालवायची रीत वैद्यकाला ठाऊक होती: शवविच्छेदन करून पाहणं आणि जे दिसलं ते छापणं. जी शस्त्रक्रिया आपण करतो असं चारचौघांत म्हणायचं नाही, तिच्यासाठी विच्छेदनगृहात कोण बसणार?

बसले ते अखेर सत्तरच्या दशकात. स्वीडनमधल्या उप्सालाचा टॉर्ड स्कूग कातडी सोडवताना तिच्याखालचा पातळ पदर तिला जोडलेलाच ठेवू लागला आणि दोन्ही एकत्र उचलू लागला. १९७४च्या पुस्तकात त्याने ही रीत दिली. दोन वर्षांनी पॅरिसच्या व्लादिमिर मिट्झ आणि मार्टिन पेरोनी यांनी त्या पदराचा नकाशा छापला. दोघं पॉल टेसिये या चेहऱ्याच्या हाडांच्या थोर सर्जनच्या परिवारातले. त्यांनी मृतदेहांचे गाल उलगडून दाखवलं की कातडी आणि तिच्याखालची चरबी यांच्या पाठीमागे स्नायू आणि तंतूंचा एक सलग पापुद्रा असतो, खाली तो गळ्याच्या पातळ स्नायूला मिळतो, वर कानशिलाकडे जातो. त्याला ‘स्मास’ असं आद्याक्षरी नाव पडलं. आपल्या भाषेत अस्तर म्हणावं. ब्लाऊजचं कापड खेचून बेतात बसत नाही, शिंपी अस्तराला टाका घालतो आणि कापड आपसूक पडतं. गालात मज्जातंतूच्या फांद्या या अस्तराच्या खालून जातात, हेही त्या कामाने पक्कं केलं. म्हणजे कुठे थांबायचं ते कळलं, आणि कळल्याबरोबर भीती मापात आली. ओढ अस्तरावर, कातडी फक्त पसरून ठेवायची, टाक्यांवर ताण नाही. पाळी ओढली जाणं, वाऱ्यासमोरचा चेहरा, रुंद व्रण, हे सगळं पुढे कमी होत गेलं.

यानंतर जे झालं ते माझ्या म्हणण्याला बळ देतं आणि थोडं अडचणीतही टाकतं. एकदा लिहिणं सुरू झालं आणि शोधांचा धडाका लागला. १९८९मध्ये फर्नास या सर्जनने कातडीला हाडाशी बांधून ठेवणारे बंध दाखवले. १९९०मध्ये टेक्ससच्या सॅम हॅम्राने अस्तराच्याही खालून जाऊन गालाचा सगळा थर एकसंध उचलायची रीत मांडली. आणि मग आला प्रश्न: जितकं खोल तितकं चांगलं, हे खरंच सिद्ध झालंय का? १९९६मध्ये आयव्ही, लोरेन्झ आणि अॅस्टन यांनी एकवीस रुग्णांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला सौम्य आणि दुसऱ्या बाजूला खोल रीत वापरली. सहा महिन्यांनी आणि वर्षाने दोन्ही बाजूंत फरक ओळखता येईना. त्याआधी १९९५मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या निवडून चार नामवंत सर्जननी चार वेगळ्या पद्धतींनी एकेकाचा चेहरा केला होता, हॅम्रा त्यांतलाच एक. पहिल्या, सहाव्या आणि दहाव्या वर्षीची छायाचित्रं २००९मध्ये छापली गेली. मग कुणी म्हणेल, खोल जाऊन फार काही मिळालं नसेल तर पाऊण शतक वाया गेलं असं कशाला म्हणता? मला यात विरोध दिसत नाही. अस्तराला हात घालणारे सगळेच कातडी ओढणाऱ्यांच्या पुढे गेले होते. वाद उरला तो अस्तर कसं धरायचं याचा. आणि हा वाद छायाचित्रं टेबलावर ठेवून, दहा वर्षं थांबून मिटवता येतो, हीच गोष्ट १९०१ ते १९७०पर्यंत कुणाला करता येत नव्हती.

या मोकळेपणाचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो म्हाताऱ्यांना. पूर्वी साठीनंतर ‘आता कशाला’ असं म्हणून परत पाठवत, कारण जोखीम किती ते कुणी मोजलेलं नव्हतं. २०११मध्ये क्लीव्हलंडहून २१६ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. पासष्टीच्या पुढचे आणि पासष्टीच्या आतले यांच्यात गुंतागुंतीच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. अर्थात हे निवडलेले, तब्येत तपासून घेतलेले लोक होते. सर्रास सगळ्या सत्तरीच्या माणसांना ते लागू नाही, आणि जन्मतारखेपेक्षा रक्तदाब, हृदय, साखर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांच्यावर निकाल ठरतो एवढाच त्याचा अर्थ. उतारवयात मिळू शकणाऱ्या पर्यायांतही इतिहास ठळक दिसतो. तब्येत चांगली असेल तर अस्तर उचलणारी पूर्ण फेसलिफ्ट, जोडीला गळा. हनुवटीखालच्या छेदातून गळ्याच्या स्नायूच्या सुट्या झालेल्या दोन कडा मधोमध शिवतात, बंडीचे बंद आवळावेत तशा. ही रीत १९९०ची. एवढा वेळ भुलीखाली राहणं झेपणार नसेल तर कानापुढच्या छोट्या छेदातून अस्तराला मजबूत दोऱ्याचे फास घालून वर टांगण्याची बेल्जियमची पद्धत आहे, २००२ची, जागा बधिर करूनही होणारी. वयाबरोबर नुसतं ओघळणं होत नाही, चरबी आणि हाडही झिजतं, म्हणून रिकाम्या झालेल्या गालात पोटाची चरबी भरणंही आता या कामाचा भाग झालं आहे. आणि म्हाताऱ्या पुरुषांसाठी, ज्यांना फक्त गळ्याची लोंबणारी झालर नको असते, तिथे समोरूनच जादा कातडी कापून नागमोडी शिवून टाकतात. व्रण दाढीच्या भागात लपतो.  म्हणजे पासोची कातडी कापणारी रीत पुन्हा आलीच, फक्त या खेपेला तिची मर्यादा माहीत असूनही निवडलेली.

तरी एक कुलूप अजून उघडलेलं नाही, ते रुग्णाच्या बाजूचं. १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या टॉमस रीस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपल्या फेसलिफ्टच्या रुग्णांचा हिशेब मांडला: सिगारेट ओढणाऱ्यांत कानाजवळची उचललेली कातडी मरून जाण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या बारा पटींहून अधिक. कारण साधं आहे. उचललेली कातडी बारीक रक्तवाहिन्यांच्या भरवशावर जगते आणि निकोटीन त्याच वाहिन्या आवळतं. कावसजीच्या दोन डोळ्यांमधली ती चिंचोळी पट्टी ज्यासाठी राखली होती, तीच गोष्ट. निकोटीन सिगारेटमधून येवो की तंबाखूतून, वाहिनीला फरक पडत नाही. आपल्याकडे साठी-सत्तरीच्या किती बायका रोज सकाळी मशेरी लावतात आणि डॉक्टरने ‘काही व्यसन?’ विचारलं की ‘नाही’ म्हणतात, कारण मशेरी हे त्यांच्या लेखी व्यसनच नव्हे आणि शेजारी सूनबाई बसलेली असते. शस्त्रक्रिया कुणाला सांगायची आणि कुणापासून लपवायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्याच्या हातात सुरी आहे त्या माणसापासून निदान मशेरीची डबी लपवू नका.